दर आठवड्यानंतर एक रिकामी ओळ

मंगळवार, ३ फेब्रुवारी

शुक्रवारी, म्हणजे ३० जानेवारीला, मी या वहीत लिहिलं आहे की फोनताईंकडून फोन करायचे राहून गेले. ते चूक आहे. त्यांच्याकडून काहीही राहिलेलं नाही. ते पान मी फाडणार नाही, खोडणारही नाही. मामाची शिकवण आहे की चुकीवर रेघोट्या मारायच्या नाहीत, पुढे जागा मिळेल तिथे बरोबर काय ते लिहायचं आणि तारीख घालायची. म्हणून हे.

शुक्रवारचं सगळंच पुन्हा लिहायला हवं, कारण तेव्हा मी ते घाईत लिहिलं आणि थोडं शहाणपण मिरवत लिहिलं.

आमच्या प्रसूती रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान घरी जाण्याआधी तपासतात. कानात वाटाण्याएवढ्या टोकाची नळी ठेवायची, यंत्र बारीकसा आवाज सोडतं, आणि कान त्याला उत्तर देतो की नाही ते मोजतं. निकाल दोनच: ‘ठीक’ किंवा ‘पुन्हा’. ‘पुन्हा’ म्हणजे बाळ बहिरं असं नाही, बहुतेकदा कानात नुसतं पाणी असतं. पण महिनाभरात परत तपासावं लागतं. निकाल संगणकावरच्या शीटमध्ये भरायचं काम माझं. महिना संपला की ‘पुन्हा’वाल्या बाळांची यादी छापून मी फोनताईंना देते आणि त्या आयांना फोन करून बोलावतात. फोनताई पंचावन्नच्या आहेत, कंत्राटावर आहेत, आणि त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक आहे.

शुक्रवारी शिवणकाम करणारी एक बाई साडेतीन महिन्यांची मुलगी घेऊन आली. म्हणाली, “मशीन चालू केलं तरी ही झोपलेलीच. दार आपटलं तरी पापणी हलत नाही. तुम्ही म्हणाला होता फोन येईल. मी फोन उशाशी घेऊन झोपायचे.” डॉक्टरबाईंनी मुलीला तपासलं. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं. मग त्यांनी ऑक्टोबरचं शीट उघडलं. मुलीच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं, ‘पुन्हा’.

फोनताईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, “मला दिलेल्या यादीतलं एक नाव मी सोडत नाही.”

“मग हे?”

“हे यादीत नव्हतं.”

छापलेल्या यादीवर लोकांचे फोन नंबर असतात म्हणून महिन्याच्या शेवटी ती फाडून टाकायची, असा आमचा नियम आहे. त्यामुळे दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. “तू यादी दिली होतीस ना?”

मी म्हटलं, “हो. दर महिन्याला देते.”

हे खोटं नव्हतं. घरी येऊन मी इथे लिहिलं: ‘वय झालं की होतं असं, वाईट वाटलं.’

आज दुपारी मी ऑक्टोबरचं शीट उघडलं, आणखी कोणी राहिलंय का ते बघायला. यादी काढताना मी शीटला सांगते, निकालाप्रमाणे लाव. सगळे ‘पुन्हा’ वर येतात, मग ‘ठीक’ सुरू होतात. ‘ठीक’ दिसला की मी थांबते आणि वरची नावं उतरवते. आज पाहिलं, तर पहिल्या आठ ओळी तशा लागलेल्या आहेत: एक ‘पुन्हा’, सात ‘ठीक’. त्याखाली एक रिकामी ओळ. आणि त्याखाली दुसरा आठवडा, तिसरा, चौथा, सगळे तारखेप्रमाणे जसेच्या तसे बसलेले. ‘पुन्हा’वालेही त्यातच, आपापल्या जागी, कोणी न हलवलेले.

रिकामी ओळ आली की यादी संपली, असं शीट समजतं. आणि दर आठवड्यानंतरची रिकामी ओळ मी घातली आहे.

ऑक्टोबरात चार बाळं राहिली, नोव्हेंबरात दोन, डिसेंबरात पाच, जानेवारीत तीन. एकूण चौदा. मी तीनदा मोजली. असं होईल हे कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

रिकाम्या ओळी कशा आल्या तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे मागे मलाच ते वेगळं आठवायला नको.

सप्टेंबरच्या अखेरीस, त्या महिन्याची यादी देऊन झाल्यावर, डॉक्टरबाई छापलेलं शीट डोळ्यांपासून हातभर लांब धरून म्हणाल्या, “हे काय आहे? मुंग्यांची रांग? वाचायचं कसं माणसानं?” मी त्याच दिवशी प्रत्येक नावानंतर एक रिकामी ओळ घातली. दोन पानांची चार पानं झाली. डॉक्टरबाई हसल्या. “अगं, एवढंही मोकळं नको. कागद काय झाडाला लागतात?” फोनताई पलीकडून म्हणाल्या, “झाडालाच लागतात की हो बाई.” सगळे हसले, मीही. मग मी दर आठवड्यानंतर एकच ओळ ठेवली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता कसं! श्वास घेता येतो.” फोनताईंनी त्या दिवसापासून मला ‘टापटीप’ म्हणायला सुरुवात केली.

पूर्वी यादीत महिन्याला पाच-सहा नावं असायची, ती एक-दोनवर आली. डॉक्टरबाईंना वाटलं, नव्या नळ्यांमुळे फरक पडला. त्या खूश होत्या. मलाही तसंच वाटलं. खरं तर मला काहीच वाटलं नाही, मी विचारच केला नव्हता.

आज सकाळी पहिलं काम म्हणून चारही महिन्यांच्या शीटमधल्या सगळ्या रिकाम्या ओळी काढून टाकल्या. मग तारखेप्रमाणे नीट लावलं, पुन्हा तपासलं, सेव्ह केलं. आता चारही शीट सलग आहेत, कुठेही खाच नाही. कालपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

बाळांना आधी बोलवायला हवं. बाकीचं नंतर. आधी बाळं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तेरा नावांची यादी छापली (चौदावी ती शिंपीणबाईंची मुलगी, ती आलीच आहे). फोनताईंच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा चढवला. वरून खाली वाचलं, मग परत वरून. “ही कुठली?”

“ऑक्टोबरपासूनची. राहिलेली आहेत.”

“राहिलेली,” त्या म्हणाल्या. “सगळी? तेरा?”

“हो.”

मी हे मुद्दाम असं बोलले नाही. ‘राहिलेली आहेत’ हे खरंच आहे. कुणाकडून राहिली, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं असं मला वाटतं.

त्या थोडा वेळ बोटाने कागदाची कड सरळ करत बसल्या. दमलेल्या दिसल्या. मग फोन ओढला आणि लागल्या कामाला. माझं टेबल त्यांच्यापासून चार पावलांवर आहे, सगळं ऐकू येतं.

“नमस्कार, बाळ कसंय? … हो, आवाज आला मला, काय खणखणीत रडतो! … नाही नाही, घाबरू नका, नुसतं परत बघायचंय.”

“वहिनी, तुमचा दादला नंतर ओरडू दे माझ्यावर, आधी तारीख लिहून घ्या.”

आणि एक बाई एवढ्या मोठ्याने बोलत होती की शब्द माझ्यापर्यंत आले. चार महिने झोपला होतात का तुम्ही? फोनताई म्हणाल्या, “हो बाई, झोपलो होतो. चुकलंच. आता जागे आहोत. उद्या अकराला या.”

अकरा जणी लागल्या. दोघींचे नंबर बदललेत. एकीचा फोनताईंनी तिच्या नणंदेकडून मिळवला. दुसरीचा अजून नाही.

मी दिवसभर मान वर केली नाही. जेवायला त्यांनी हाक मारली तर भूक नाही म्हटलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

मामा शेजारच्या काकांना जिन्यात गाठून सांगत होता, “रुग्णालयाचे कागद वाचण्यासारखे कुणी केले? आमच्या पोरीने. डॉक्टर स्वतः म्हणाल्या.” ही गोष्ट त्याने सप्टेंबरपासून किती जणांना सांगितली असेल देव जाणे.

लहानपणी मी सतत आजारी असायचे म्हणून अकरा वर्षांची होईपर्यंत शाळा घरीच झाली. आई भाषा शिकवायची आणि बाकी सगळं मामा. तो इमारतींचे नकाशे काढायचा. त्याच्याकडे रेघा मारायची एक लांब लाकडी पट्टी होती, आणि माझ्या वहीत तो एक ओळ सोडून एक ओळ लिहायला लावायचा. चूक दुरुस्त करायला जागा हवी म्हणून. शाळेत गेले तेव्हा बाई म्हणाल्या, वह्या फुकट का घालवतेस? मी घरी येऊन रडले होते आणि मामा दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंशी भांडला होता.

आज जेवताना तो म्हणाला, “मोकळी जागा कुठे सोडायची हे कळायला अक्कल लागते, काय शहाणे?”

मी म्हटलं, “मामा, कधी कधी नको तिथे सुटते.”

“तुझ्या हातून? शक्यच नाही.”

“अरे, तिला बोलू दे की जरा,” आई म्हणाली. “तू एकटाच बोलतोस.”

“बोल ना. मी कुठे धरलंय?”

दोघेही माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, पाणी द्या.

मंगळवार, १० फेब्रुवारी

चांगली बातमी. बारा बाळं येऊन गेली. अकरा ‘ठीक’. एकाच्या कानात अजून पाणी आहे, आठ दिवसांनी परत बघायचं. तेरावं फक्त राहिलं, फोनताई त्याचा पत्ता शोधताहेत.

मी मनात आकडे मांडले: चौदापैकी एका मुलीचं खरंच बिघडलं, आणि तिला आता ऐकायचं यंत्र मिळणार आहे. डॉक्टरबाई त्या आईला म्हणाल्या होत्या, “फार उशीर झालेला नाही, पण झालाय. दोन-अडीच महिने तिने उगाच आवाजाशिवाय काढले.” चौदात एक. हे लिहिलं आणि लिहिताच लाज वाटली. तिच्या आईकडे चौदा मुली नाहीत.

दुपारी डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. दार लावायला सांगितलं.

“बघितलंस? मी बोलल्याबरोबर एका दिवसात तेरा फोन. म्हणजे येत होतं की करता! चार महिने काय करत होत्या या?”

मी उभीच होते.

“शुक्रवारी, वीस तारखेला, बैठक आहे. त्यांचं कंत्राट पुढे वाढवायचं नाही असं मी सांगणार. मला बरं वाटत नाहीये, सोळा वर्षं आहेत त्या इथे. पण हा बाळांचा प्रश्न आहे. फोनचं काम तू घे. यादीही तुझीच, फोनही तुझेच. तुझं काम टापटीप असतं.”

मी म्हटलं, “बघते.”

बघते! मला दुसरा शब्द सुचला नाही. त्यांना तो हो वाटला. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

बाळांना आधी बोलवायचं म्हणून मी ती यादी दिली. आणि त्याच यादीने फोनताई दोषी ठरल्या. मी गप्प बसले असते तर त्यांच्यावर एक नाव होतं. मी काम नीट केलं, तर चौदा झाली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आणखी दोन दुरुस्त्या.

पहिली. ३ तारखेला मी लिहिलं, ‘असं होईल हे कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.’ हे खरं नाही. एकीच्या लक्षात आलं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी ऑक्टोबरची यादी फोनताईंना दिली तेव्हा त्यांनी कागद उलटा करून मागे बघितलं. “एकच नाव? काय गं टापटीप, ही यादी आहे का चिठ्ठी?”

मी म्हटलं होतं, “शीटमध्ये असतात तेवढीच निघतात.”

“पण पाच-सहा असायची की.”

“फोनताई, शीट चुकत नाही.”

“बरं बाई. पोरांचे कान सुधारले म्हणायचे.”

हे मी ३ तारखेला विसरले होते का? नाही. लिहिताना हाताशी होतं. मी ते बाजूला ठेवलं.

दुसरी दुरुस्ती. ४ तारखेला मी लिहिलंय की रिकाम्या ओळी काढल्यावर बरं वाटलं. त्या ओळी आणि वरच्या आठ नावांचा तो वेगळा क्रम, एवढीच एक गोष्ट होती जिच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं की फोनताई खरं बोलताहेत. ती मी स्वतः पुसली आणि सेव्ह केलं. मला शीट नीट करायचं होतं. मी वहीत शपथेवर लिहू शकते की माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण चोरानेही जाताना इतकं स्वच्छ झाडलं नसतं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंना पत्र लिहायचं ठरवलं. तोंडाने सांगताना मी रडेन आणि मग सगळे मलाच समजावत बसतील.

मसुदा पहिला: दीड पान. फार रडका.

मसुदा दुसरा: शीट कसं चालतं त्याचंच वर्णन. यंत्र विकायला निघाल्यासारखं वाटतं.

मसुदा तिसरा: यात ‘अनवधानाने’ हा शब्द चारदा आला आहे.

शनिवारी आणि रविवारी शांतपणे लिहीन. बैठक वीसला आहे. गुरुवारी एकोणीसला दिलं तरी पुरे. त्या आधी द्यायची घाई केली तर काहीतरी अर्धवट लिहिलं जाईल, आणि अशा पत्रात अर्धवटपणा बरा नव्हे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आज शिंपीणबाई मुलीला घेऊन आल्या होत्या, कानांचे साचे घ्यायला. मऊ रबर कानात भरतात, ते घट्ट होईपर्यंत मुलीला धरून ठेवायचं. मुलगी छान बाळसेदार आहे. तिला आवाज येत नाही म्हणून ती तोंडाकडे फार बघते. माझ्या तोंडाकडेही बघितलं.

जाताना त्या बाई फोनताईंच्या टेबलापाशी थांबल्या. आरडाओरडा केला नाही. नुसतं म्हणाल्या, “एक फोन, ताई. तुम्हाला एकच फोन करायचा होता.”

फोनताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “हो. माझ्याकडून राहिलं असणार.”

मी चार पावलांवर बसले होते.

नंतर मी चहाचे कप विसळायला गेले तर त्या मागोमाग आल्या. नळ बंद केला. “टापटीप, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचारा.”

“तिचं नाव त्या यादीत होतं का गं? ऑक्टोबरच्या?”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“मी शपथेवर सांगितलं असतं की नव्हतं. तेव्हा तसंच वाटलं, म्हणून डॉक्टरबाईंना तोंडावर म्हटलं. पण मग तू ती तेरा नावं आणून दिलीस. एकही ओळखीचं वाटेना. एक-दोन विसरेन मी, पण तेरा? म्हणजे मी वाचली आणि डोक्यातून पार गेली.” त्या हसल्या. “माझ्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं. आधी नावं गेली. मग घरचा रस्ता. शेवटी मला म्हणायची, बाई, तुम्ही कोण? मी म्हणायचे, तुझी उधारी वसूल करायला आलेय. तेव्हा हसायची.”

मी हातातला कप पुसत राहिले.

“तू नीट ठेवतेस सगळं. तुला आठवत असेल. म्हणून तुला विचारते, दुसऱ्या कुणाला नाही. होतं का नाव?”

मी म्हटलं, “आठवत नाही.”

हे मी इथे जसं बोलले तसं लिहिते. आठवत नाही, असं म्हटलं. त्या “बरं, असू दे” म्हणाल्या आणि उरलेले कप त्यांनीच विसळले.

आजवर मी जे बोलले त्यातल्या प्रत्येक वाक्याला मला म्हणता आलं होतं की हे खोटं नव्हतं. या वाक्याला तसं म्हणता येत नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सकाळी फोनताई उशिरा आल्या. त्यांनी पहिल्यांदा हजेरीपुस्तकात सही केली, मग परत जाऊन आपण सही केली का ते बघितलं. टेबलाच्या कडेला त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: ‘पाणी’, ‘सुनेला फोन’, ‘तेरावं बाळ, पत्ता’. पूर्वी त्यांना दोनशे नंबर तोंडपाठ असायचे. आज एका आईला फोन लावून त्यांनी मला विचारलं, “मी हिला आत्ताच तर नाही ना केला?” नव्हता केला. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते खरं वाटलं नाही.

दुपारी त्या डॉक्टरबाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, “उद्या साडेदहाला जायचंय. डोक्याच्या डॉक्टरांकडे. ते म्हणे घड्याळ काढायला सांगतात आणि शंभरातून सात सात वजा करायला लावतात. सून येतेय बरोबर. मुलाने ठरवलंय, निकाल काहीही येवो, नोकरी पुरे, घरी बस. गावाला… नाही, ते जाऊ दे. तू ये कधी घरी. मी ओळखलं नाही तर नाव सांग.”

“असं काय बोलता फोनताई.”

“हसावं माणसानं. तू तर हसायचीच थांबलीस हल्ली.”

घरी आल्यावर पत्र काढलं. सातवा मसुदा, दोन पानं, चांगला झाला होता. आई समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून तिला विचारावं. म्हटलं, “आई, समजा एकीने चूक केली आणि ती दुसरीच्या अंगावर आली. तर पहिलीने कुणाला सांगावं? मोठ्या बाईंना, नाही का?”

आईने घडी मोडून पुन्हा घातली. “का? लागलं कुणाला?”

“म्हणजे?”

“ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जायचं ना गं. मोठ्या बाईंना काय लागलंय?”

मग ती म्हणाली, “तुला ताप आहे का बघू,” आणि कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. हात मात्र तिने बराच वेळ काढला नाही.

मी पत्र परत वाचलं. दोन पानांत ‘मी’ एकतीस वेळा आहे. फोनताईंचं नाव एकदा, दुसऱ्या पानाच्या तळाशी, ‘त्यामुळे यात त्यांचा दोष नाही’ एवढ्या वाक्यात. सगळ्या मसुद्यांत मी ठरवत होते की डॉक्टरबाईंना काय वाटेल, त्या मला काढतील का, मामाला कसं तोंड दाखवू. बाळांचा विचार केला. बैठकीचा केला. वीस तारखेच्या आधी सांगितलं म्हणजे वेळेत सांगितलं, असं मी धरून चालले होते, कारण माझ्या हिशेबात त्यांची फक्त नोकरी जात होती.

त्यांना वाटतंय त्यांचं डोकं जातंय. आणि तसं वाटायला लावणारी तेरा नावं मी त्यांच्या टेबलावर ठेवली, सरळ, कडा जुळवून.

गुरुवारची वाट बघायची नाही. पत्रही नाही. मी रडले तर रडेन. त्यांना खुर्ची ओढून माझ्या स्क्रीनसमोर बसवेन. ऑक्टोबरच्या शीटची एक वेगळी प्रत काढून त्यात पहिल्या आठवड्याखाली ओळ घालून त्यांच्यासमोर लावेन, म्हणजे शिंपीणबाईंच्या मुलीचं नाव कसं खालीच राहतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. माझ्या शब्दावर आता कुणी विश्वास का ठेवावा? आणि सांगेन की नोव्हेंबरात तुम्ही विचारलं होतं, यादी आहे का चिठ्ठी, आणि तुमचंच बरोबर होतं. ‘आठवत नाही’ म्हणाले तेव्हा मला आठवत होतं, हेही सांगेन. मग त्यांना हवं असेल तर दोघी मिळून डॉक्टरबाईंकडे जाऊ, आणि नको असेल तर मी एकटी जाईन. शिंपीणबाईंकडे मी एकटीच जाणार.

डॉक्टरबाई नऊला येतात. फोनताईंना साडेदहाला निघायचंय. त्या आठला येतात, आल्या आल्या खिडकी उघडतात, आणि त्या वेळी तिथे दुसरं कुणी नसतं.

तर उद्याच सांगायचं: बुधवार, १८ फेब्रुवारी, सकाळी आठ वाजता.